आईचा पहिला कुर्ता

मैत्रिणींनो, आज आमच्या वर्तकनगरच्या घरात धमाल झाली.

नव्वदच्या दशकात आई डोंबिवलीत पंजाबी ड्रेस घ्यायला गेलेली. दुकानदार माळ्यावर कपडे काढणाऱ्या पोऱ्याला ओरडला, "यांच्या मापाचं, एवढं मोठं काही आहे का रे?" सगळं दुकान वळून बघायला लागलं. तेव्हापासून आईने ड्रेसचं नावच काढलं नाही.

मी तिला न विचारताच तिच्या मापाचा कुर्ता ऑनलाइन मागवला. तो आज आला.

"या वयात शोभेल का मला?" असं आई चिडून म्हणाली आणि कुर्ता घेऊन आत गेली. बराच वेळ बाहेर येईना.

"आई, अडकलीस का गं?"

"नाही गं! मावशीला फोटो पाठवतेय. तीही माझ्याच मापाची आहे."

तुमच्या घरीही कोणी असा आवडता कपडा सोडून दिलाय का? विचारा एकदा.