परबांची आतली यादी

नाहूरच्या बाळ परबांना कुणी पेढा दिला, तरी ते आधी उलटा करून बघायचे. तीस वर्षं कंपनीच्या स्टोअरमध्ये काढलेली. त्यांना जगातला प्रत्येक माणूस काहीतरी लंपास करायला निघालेला दिसे. निवृत्तीनंतर घाटकोपरच्या कबड्डी स्पर्धेत मुलींची वयं तपासायचं काम त्यांच्याकडे आलं. मग काय, सोन्याहून पिवळं. खोटे दाखले त्यांनी पकडलेही बरेच, ते नाकारून चालायचं नाही.

नोंदणीचं ॲप त्यांच्या लेकीनं, रुचिरानं, फुकटात करून दिलेलं. त्यावरही त्यांचा भरवसा नव्हता. "स्क्रीनवर काय गो, कोणीही काहीही दाखवील. माका आतला दाखव," म्हणत ते डेटाबेसमधली कच्ची यादीच छापून घेत. दोन वर्षं हाच शिरस्ता.

यंदाचा नियम असा की जन्म १ जानेवारी २०१० किंवा त्यानंतरचा हवा. वेसाव्याच्या नमिताचा दाखला नेमका १ जानेवारीचा. परबांची भुवई तिथेच चढली. यादीत पाहिलं, तर ३१ डिसेंबर २००९. झालं! फॉर्म भरताना घरचे खरं लिहून गेले, मग नियम वाचला आणि दाखला बनवून आणला, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि नमिताला बाहेर बसवलं. अख्खा संघ तिच्या चढायांवर उभा. पोर गुडघ्याची पट्टी सोडत बसली.

तिची आजी अंजनाबाई मासळीची पाटी विकून थेट मैदानावर आली. "सायबा, आमची पोर गिरनात झाली. चांद गिललेला वर. सगल्या बाया बोलत व्हत्या, अशा टायमाला नको ग बाय येऊ. कशी इसरेन मी?"

आता म्हातारी बरोबर सापडली, परब मनात म्हणाले. रद्दी न विकणारा माणूस, घरी जाऊन त्यांनी २००९ चं कॅलेंडर उकरून काढलं. शेवटच्या पानावर खंडग्रास चंद्रग्रहण होतं. सुरुवात रात्री बारा बावीसला. बारा वाजून गेले म्हणजे तारीख एक जानेवारी. म्हातारी खरं बोलत होती.

मग खोटं कोण बोललं? परबांनी मोर्चा लेकीकडे वळवला. "तारीख कुणाच्या सांगण्यावरून बदललीस?"

रुचिरानं कपाळाला हात लावला. "बाबा, डेटाबेस तारीख लंडनच्या वेळेनं ठेवतो. आपल्याकडे एक तारखेच्या रात्रीचे बारा, तेव्हा तिथे आदल्या संध्याकाळचे साडेसहा. ॲप दाखवताना आपली वेळ करून दाखवतं. तुम्ही कच्ची यादी घेता, त्यात सगळ्याच तारखा एक दिवस मागे. चूक माझीपण आहे. जन्मतारखेला वेळ कशाला हवी? नुसती तारीख ठेवायला हवी होती मी. पण तुम्ही एकदा मला विचारायचं तरी ना."

परब रात्री यादी आणि दाखले जुळवत बसले. खरंच, सगळ्या पोरी एक दिवस मागे. त्यांनी आजवर नियमाच्या काठावरच्याच तपासल्या होत्या. बाकीच्यांना एका दिवसानं काय फरक पडणार, म्हणून बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नमिता खेळली. परबांनी मात्र जुनी यादी बाहेर काढली. गेल्या वर्षी मानखुर्दच्या शीतलला त्यांनी असंच काढलं होतं. दाखल्यावर १ जानेवारी, यादीत ३१ डिसेंबर. चार लोकांत तिच्या बापाला चोर म्हटलं होतं. पोरीनं खेळच सोडला म्हणे. लाज वाटली त्यांना, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची.

रविवारी ते स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचं माफीपत्र घेऊन मानखुर्दला गेले. शीतलचे वडील चंद्रप्रकाश दारातच उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत. पत्र उजेडाकडे धरून त्यांनी शिक्का निरखला, मग कागद उलटा करून पाठ बघितली.

"हे खरं कशावरून?" त्यांनी शांतपणे विचारलं.

गेल्या वर्षी मैदानावर परबांनी त्यांना हेच विचारलं होतं. परबांनी खिसे चाचपले. दुसरा कुठलाच कागद त्यांच्याजवळ नव्हता.