मामांचा फेटा आणि हार्ड डिस्कची शर्यत

लग्नाची फिल्म टीव्हीवर लावायला कॉम्प्युटरची पदवी लागत नाही, हे मला पदवी मिळाल्यावर कळलं.

अक्काच्या लग्नात आपल्याला मानाचा फेटा बांधला नाही, म्हणून तिचे मामेसासरे रुसले. "फेटा न्हाय, तर येणंजाणं न्हाय!" असा त्यांच्या गावाहून, कळसहून निरोप आला. अक्का रडकुंडीला आली. आबा म्हणाले, "बांधला व्हता की! फिल्ममदी दिसंल." मग मामांना रविवारी आमच्याकडे सणसरला जेवायला बोलावलं आणि फिल्म दाखवायचं काम माझ्याकडे आलं. घराण्यातला पहिला पदवीधर ना मी!

लॅपटॉपवरची फिल्म हार्ड डिस्कवर घ्यायची, एवढंच काम. पण मला हुक्की आली. डिस्क कोणत्या फाइल सिस्टिमवर सगळ्यात जोरात पळते, ते बघायचं!

"म्हंजी काय रं?" आबांनी विचारलं.

"आबा, ट्रॉली तीच, ऊस तोच. फक्त मोळ्या रचायची पद्धत वेगळी!"

"मग रच आन् हो मोकळा!"

मी कसला मोकळा होतोय! फॅट-३२ नावाच्या पहिल्या पद्धतीने एवढी मोठी फाइल घ्यायलाच नकार दिला. (तीही मामांसारखी रुसली!) एनटीएफएस रमतगमत चालली. एक्सफॅट बरी धावली. आणि ईएक्सटी-४? शर्यतीतला खोंडच! फिल्म तिच्यावरच ठेवली. मी ओरडलो, "पळाली! पळाली!"

आई लाटणं घेऊनच बाहेर आली. "कुणाची पोरगी?"

रविवारी मामा आले. ऐटीत डिस्क टीव्हीला लावली. टीव्ही म्हणाला, 'डिस्क ओळखता येत नाही.' (ईएक्सटी-४ टीव्हीला वाचताच येत नव्हती!)

"लग्नात मला वळखलं न्हाय, आता डिस्कला वळखंना," मामा उठलेच. "ह्या घराची रीतच हाय!"

अक्काचे डोळे भरले. मी घाईघाईने डिस्क लॅपटॉपला आणि लॅपटॉप तारेने टीव्हीला जोडला. फिल्म सुरू!

"ही तार आधीच का न्हाय लावली?" आबांनी विचारलं. (मी टीव्हीचा आवाज वाढवला.)

पडद्यावर फेटेवाला आला. पडद्यावरच्या मामांनी डोकं पुढे केलं. तेवढ्यात मध्ये दुसरं एक डोकं घुसलं, फेटा बांधून घेतला आणि सेल्फी काढत निघून गेलं. ते डोकं माझं होतं! वर शूटिंगवाल्याने हा प्रसंग स्लो मोशनमध्ये घातलेला!

"थांब! परत दाव!" मामा गरजले. परत दाखवलं. मामा पोट धरून हसायला लागले. आबांनी तिथल्या तिथे स्वतःचा फेटा मामांना बांधला आणि अक्का एकदाची हसली.

"आता आजून एकदा लाव!" मामा म्हणाले.

इतकी पारख करून निवडलेली डिस्क ती! फिल्म अडकावी म्हणून मी देवाला हात जोडले, पण पठ्ठी एकदाही अडखळली नाही!