मधल्या खुर्चीतले कान

फू काम वेंगने तीन वर्षं खपून चार हजार सीड्या एका हार्ड-डिस्कच्या डब्यात उतरवल्या, आणि मग एका रविवारी तो डबा कोरा करायला बसला. माझ्या डोळ्यांदेखत! मी त्याची शेजारीण, निवृत्त नर्स, आणि तोंडाळ म्हणून आख्ख्या गल्लीत प्रसिद्ध. पण त्या दिवसापर्यंत मी मिठाची गुळणी धरून बसले होते, याची मला अजून लाज वाटते.

फूचा सगळा जन्म मलेशियातल्या आमच्या इपोहच्या जुन्या बाजारात रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करण्यात गेला. कुणी बिघडलेला रेडिओ आणला की तो आधी कान लावायचा, स्क्रू-ड्रायव्हर नंतर. "रोग आवाजात असतो," म्हणायचा. लग्नानंतर त्याने घरात पहिली वस्तू आणली ती पलंग नव्हे, स्पीकर. त्याची बायको साउ क्युन हे मला पहिल्याच भेटीत सांगून मोकळी झाली. "अक्का, सहा महिने चटईवर झोपलो आम्ही. पण गाणं ऐकलं ते राजाराणीसारखं."

आमच्याकडच्या दमट हवेत सीड्यांनाही बुरशी लागते. फूच्या लागल्या, तेव्हा तो चार दिवस जेवला नाही. मग कामाला लागला. एकेक सीडी साबणाच्या पाण्यात धुवायची, मऊ फडक्याने पुसायची, कॉम्प्युटरवर उतरवायची आणि दोन बोटांनी टाइप करत बसायचं: गाणारी कोण, साल कोणतं, वाद्यं कुणी वाजवली. जुनी कॅन्टोनीज गाणी, ऑपेरा, मलय गाणी, आणि माझ्यासाठी म्हणून दोनशे तमिळ गाणीसुद्धा. सगळं जिन्याखालच्या एका डब्यात, आणि त्याची नक्कल दुसऱ्या डब्यात. उतरवलेल्या सीड्या बौद्ध मठासाठी भंगार गोळा करणाऱ्या बायका घेऊन गेल्या. आता मोबाइलवर बोट टेकवलं की जिन्याखालून गाणं निघायचं, तारेतून ॲम्प्लिफायरमध्ये जायचं आणि बैठकीच्या खोलीत उभं राहायचं. रोज न्याहारीनंतर दोघं मिळून एक गाणं ऐकायची. कुठलं, ते साउ क्युन ठरवायची.

रविवारी सकाळी मात्र बैठक पुरुषांची. चोंग, निवृत्त हेडमास्तर. हमीद, पोस्टातून निवृत्त. तीन खुर्च्या, आणि मधली फूची, कारण दोन्ही स्पीकरांचा आवाज तिथे बरोबर जुळतो. एकाने मागे जाऊन काहीतरी बदलायचं, एखादी तार, एखादा खटका, किंवा काहीच बदलायचं नाही. बाकीच्यांनी डोळे मिटून ओळखायचं. हरेल त्याने कोपऱ्यावरून सगळ्यांसाठी प्लास्टिकच्या पिशव्यांतून कोपी, म्हणजे आमच्याकडची कॉफी, आणायची. नियम एकच: मधल्या खुर्चीने आधी बोलायचं. फू कधी चुकायचा नाही. एकदा हमीदने एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या, तर हा दोन सूर ऐकताच म्हणाला, "गाणारी बाई भिंतीत घुसली बघ." त्यामुळे फू बोलला की बाकीचे दोघे त्याची री ओढायचे. वर्षानुवर्षं हेच.

गेल्या वर्षी फू म्हणायला लागला, "आवाजावर धूळ बसलीये." आधी तारा बदलल्या. मग खास वीजपुरवठ्याची पेटी आली. मग ट्रेबलचा, म्हणजे वरचे बारीक आवाज वाढवायचा, फिरता खटका, जो जन्मभर मधोमध असायचा, तो थोडा उजवीकडे गेला. अजून थोडा. चिनी नववर्षानंतर दोन-तीन महिन्यांत तो पार टोकाला जाऊन टेकला. माझ्या स्वयंपाकघरात यांगचिनच्या तारा सुयांसारख्या टोचायला लागल्या. यांगचिन म्हणजे बारीक हातोड्यांनी वाजवायचं तारांचं वाद्य, फूचं लाडकं. आणि न्याहारी झाली की साउ क्युन माझ्याकडे येऊन बसायला लागली.

"का गं, गाणं नाही आज?" मी विचारलं.

"ऐकतोय ना तो. डोकं दुखतं माझं."

फूला वाटलं, बायकोला आता आपल्यासोबत बसायचा कंटाळा येतो. हे तो मला कुंपणावरून बोललाही. "चाळीस वर्षं झाली अक्का, विटली असेल." अगं बाई, तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडावा की नाही? तीस वर्षं नर्सगिरी केलेली मी! त्याच्या खिशात मोबाइल वाजायचा आणि त्याला पत्ता नसायचा. मी म्हणायचे, विसरभोळा झालाय.

डोळे उघडले ते चोंगमुळे. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी खोड. एका संध्याकाळी आला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि जाता जाता म्हणाला, "अक्का, माझ्या एका मित्राला... म्हणजे कानात टाकायला काही थेंब असतात का?"

"कुठल्या मित्राला?"

"आहे एक. त्याला सगळं कर्कश ऐकू येतं. बाकी सगळे म्हणतात आवाज दबलाय, आणि याच्या कानठळ्या बसतात."

"कुठे? फूच्या घरी?"

हेडमास्तरांचे कान लाल झाले. दोन दिवसांनी हमीद आला, हेच घेऊन. तो निदान स्वतःच्या नावाने आला. म्हणजे बघा, तीन शहाणे एका ओळीत बसलेले. दोघांचे कान फाटताहेत, आणि मधला "दबलाय" म्हणाला की दोघे माना हलवताहेत, "हो हो, दबलाय." कारण फू कधी चुकत नाही. त्याचा पाणउतारा कोण करणार? घरी जाऊन दोघेही आपापल्या कानांची काळजी करत बसले होते.

मी तडक साउ क्युनला गाठलं. "त्याचे कान गेलेत. वयाने वरचे बारीक आवाज आधी जातात. तुला माहीत होतं?"

"नववर्षापासून माहीत आहे," ती भाजी निवडत म्हणाली.

"आणि बोलली नाहीस?"

"अक्का, आख्खं गाव त्याला कानांसाठी ओळखतं. मी काय सांगू त्याला? की आता तू नुसता फू आहेस म्हणून?"

"तू बोलू नकोस," ती म्हणाली. "सांगायचं तेव्हा मीच सांगेन." मी कबूल झाले.

आणि त्याच गुरुवारी फूने जाहीर केलं. तारा बदलून झाल्या, पेट्या बदलून झाल्या, यंत्रंही तपासून झाली. आता उरलं काय? डब्यातली गाणी. म्हणजे उतरवतानाच ती बिघडली, आणि चूक त्याचीच. "माझ्या नावावर असला कचरा राहायला नको. रविवारी दोन्ही डबे कोरे करतो." मूळ सीड्या तर केव्हाच भंगारात गेलेल्या. एकदा पुसलं की संपलं.

रविवारी मी बोलावणं नसताना गेले. फू मधल्या खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप. पडद्यावर प्रश्न: सगळं कायमचं पुसायचं का? चोंग आणि हमीद दोन बाजूंना, मयताला आल्यासारखे.

"शेवटचं एकदा ऐका," फू म्हणाला, "म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको." त्याने यांगचिन लावलं. मी दारात उभी होते, तरी माझे दात शिवशिवले. "बघा. मेलंय. आहे का त्यात जीव?"

"नाही... तसं दबल्यासारखंच आहे," चोंग म्हणाला. हमीदने मान हलवली. देवा, त्या हेडमास्तरला छडीने झोडावंसं वाटलं मला!

साउ क्युन आतून आली. रविवारच्या बैठकीत ती कधीच यायची नाही. हात पुसत सरळ ॲम्प्लिफायरपाशी गेली आणि ट्रेबलचा खटका फिरवून मधोमध आणला.

"काय करतेयस?" फू ओरडला. "आता तर काहीच उरलं नाही!"

ती चोंगकडे वळली. "मास्तर, आता कसं वाटतंय?"

चोंगने फूकडे बघितलं. हमीदने चपलांकडे.

"बोला की मेल्यांनो!" मला राहवलं नाही.

"आता..." चोंग घसा खाकरत म्हणाला, "आता छान वाटतंय. पहिल्यासारखं."

"मलाही," हमीद म्हणाला. "चार महिने कान दुखत होते माझे, फू. माफ कर."

"गाणी चांगली आहेत," साउ क्युन म्हणाली. "सगळीच्या सगळी. तुझे कान गेलेत, म्हाताऱ्या."

गाणं आपलं चालूच होतं. फूच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला आणि मग तो भडकला, पण बायकोवर नाही. "चार महिने! माझी अब्रू सांभाळत बसलात? आणि आज तुमच्यासमोर मी हे सगळं पुसलं असतं, तरी मान हलवली असतीत?"

खरं सांगायचं तर हे मलाही लागू होतं. वचन पाळण्याच्या नादात मीही दारातच उभी होते ना!

त्याने लॅपटॉप मिटून खाली ठेवला. मग साउ क्युनला म्हणाला, "तू उठून जायचीस, ते यासाठी?"

"मग कशासाठी? टोचायचं रे ते."

"मला वाटलं, माझा कंटाळा आला."

"येतो कधीकधी. पण त्यासाठी नव्हे."

हमीदला हसू आलं, त्याने ते गिळलं. फूने मोबाइलवर तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. खटक्याला हात लावला नाही. डोळे मिटून ऐकत राहिला, मग सगळ्यांसमोर म्हणाला, "खालच्या तारा ऐकू येतात मला. वरच्या येत नाहीत. वाजतायत का त्या?"

"वाजतायत," साउ क्युन म्हणाली.

"कुठे, ते सांग."

साउ क्युन शेजारच्या खुर्चीत बसली. हमीदने ती केव्हाच मोकळी केली होती. तिने फूच्या मनगटावर बोट ठेवलं आणि जिथे जिथे वरची तार वाजली तिथे हलकेच टेकवत गेली. एक, मग दोन लागोपाठ, मग एक लांबलेली.

"हो, इथेच होत्या," तो म्हणाला. "थांबू नकोस."

ती गाणं संपेपर्यंत थांबली नाही.