आजार दादाचा, निर्णय अण्णाचा

माझा दादा कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी. चव बघायची त्याची तऱ्हाच वेगळी. उकळत्या पातेल्यात डाव बुडवायचा आणि तसाच तोंडाला लावायचा. चहाही गॅसवरून उतरल्या उतरल्या घशाखाली. "निवलेलं चाखून मीठ कळतं होय?" असं वर आम्हालाच ऐकवायचा.

मग घास अडकायला लागला. आधी कोरड्या पावाचा, मग मऊ भाताचाही. पित्त झालंय म्हणत तो गोळ्या चघळत राहिला आणि इकडे पँट कमरेवर ठरेना. शेवटी दुर्बीण घातली, तुकडा तपासला. अन्ननलिकेचा कॅन्सर. सतत कढत खाणंपिणं हे एक कारण असू शकतं, आणि तंबाखू तर होतीच.

हे सांगितलं कोणाला? आमच्या थोरल्या भावाला, अण्णाला! दादा बाहेर बाकावर. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. काहींना नेहमीचे उपचार, काहींना त्याच्या जोडीला नवं औषध. कोणाला काय मिळेल ते कॉम्प्युटर ठरवतो. गुण येईलच असं नाही. पण आजार पेशंटला माहीत हवा आणि होकार त्याचाच हवा."

"कळलं तर तो हायच खाईल," अण्णा म्हणाला. घरात सगळ्यांनी माना डोलावल्या. मी भांडले, तर मलाच गप्प बसवलं. दादाला दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथे अण्णाची सही चालली, आणि घशाच्या सुजेवरचं सलाईन आहे असं दादाला सांगून केमो सुरू! अख्ख्या कारखान्याला जेवू घालणारा माणूस, त्याला लहान पोरासारखं फसवलं. माझं डोकं फिरलं. त्याचे केस गळायला लागले तेव्हा मी त्याच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं.

तो रडला नाही. चपला घातल्या आणि मला घेऊन थेट डॉक्टरबाईंकडे गेला. त्यांनी कागद पाहिले.

"केमो सुरू झालेले पेशंट या चाचणीत घेता येत नाहीत," त्या म्हणाल्या.

घरी आलो तर अण्णा सुपाची वाटी घेऊन बसलेला, चमच्यावर फुंकर मारत. "तुझ्या भल्यासाठीच केलं रे."

दादाने चमचा हिसकावून घेतला.

"वाचलो असतो असं नाही म्हणत मी. पण हो की नाही, ते मी सांगायचं होतं, अण्णा. घसा माझा होता. आता निदान फुंकर तरी मला मारू दे."