लिफ्ट सुरू कुठून होते?

आमच्या रस्त्यावर प्रवासाचं सगळं ठरवून देणारी दोन दुकानं आहेत. एक माझं आणि दुसरं रस्त्यापलीकडे, बरोबर माझ्या समोर, पायरीकाकूंचं. माझं उघडलं तेव्हा त्यांच्या दुकानाला एकतीस वर्षं झाली होती. म्हणजे मी अगदी त्यांच्या तोंडासमोर दुकान थाटलं, असं लोक म्हणाले, आणि लोकांचं काही चुकलं नव्हतं. जागा स्वस्त मिळाली म्हणून घेतली. समोर कोण बसलंय हे बघायचं मला सुचलंच नाही. मी अशीच आहे. आधी करते, मग बघते.

काकूंचं खरं नाव त्यांच्या पाटीवर आहे, पण ते कुणी वापरत नाही. कुठल्याही हॉटेलला फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. "रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती?" हा पहिला प्रश्न. पलीकडचा माणूस गोंधळतो, मग कुणीतरी मोजायला पळतं आणि काकू फोन कानाला लावून शांत बसून राहतात. आलेला आकडा एका जाडजूड वहीत जातो. कठडा कुठल्या हाताला, न्हाणीघराचा उंबरा केवढा, वाटेत टेकायला जागा आहे का, हेही त्याच वहीत. माझ्या शेजारचा चष्मेवाला म्हणतो की काकू स्वर्गात गेल्या तरी आधी दारावरच्याला पायऱ्या विचारतील आणि मगच आत जायचं की नाही ते ठरवतील.

दुकान उघडल्याच्या चौथ्या दिवशी त्या रस्ता ओलांडून आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. मीही पदर खोचून तयार होते. काकूंनी आत नजर फिरवली आणि म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला बसायला एकच खुर्ची? नवरा-बायको आले तर त्यांना इथेच भांडायला लावणार आहेस का?" मग परत गेल्या, आपल्या दुकानातली एक घडीची खुर्ची उचलून आणली, माझ्या भिंतीला टेकवली आणि निघून गेल्या. मी "थँक यू" म्हणेपर्यंत त्या पलीकडे पोचल्याही होत्या.

पहिल्या महिन्यात माझ्याकडे तीन माणसं आली. त्यातल्या दोघांना झेरॉक्स हवी होती. त्याआधी मी विम्याच्या कचेरीत होते, थोरल्या भावानं चिकटवून दिलेल्या नोकरीत. ती सोडताना तो रागावला नाही. म्हणाला, "वर्षभर बघ. नाही जमलं तर परत ये, मी साहेबांशी बोलून ठेवलंय." रागावला असता तर परवडलं असतं. या समजूतदारपणानं माझी झोप उडवली. एका वर्षात दुकान उभं राहायला हवं होतं, नाहीतर मान खाली घालून त्याच टेबलाशी जाऊन बसायचं.

काकूंनी शिकवायला सुरुवात कधी केली ते मला नेमकं सांगता येणार नाही. मंगळवारी दुपारी रस्ता रिकामा असतो, तेव्हा त्या चहाचा थर्मास घेऊन यायच्या. मी एखादी सहल आखली असेल तर म्हणायच्या, "वाच." वाचायची म्हणजे नुसती वाचायची नाही. त्या प्रवासी व्हायच्या आणि मी त्यांना घराच्या दारापासून खोलीतल्या पलंगापर्यंत न्यायचं.

"मी सत्तरीची आहे. माझ्याकडे दोन बॅगा आहेत. चल, काढ मला घराबाहेर."

"सकाळी सहाला तुम्ही स्टेशनवर उतरता."

"उतरले. बॅगा कुणी उतरवल्या?"

"हमालानं."

"तो तुझी वाट बघत उभाच होता वाटतं. बरं, खोली कितीला ताब्यात मिळते?"

"दुपारी एकला."

"मग सात तास मी कुठे बसू? तुझ्या मांडीवर?"

माझं डोकं फिरायचं. दोनदा तर मी कागद टराटरा फाडला. काकू चहा ओतत राहायच्या. पण त्या गेल्या की मी नवा कागद घ्यायची, आणि तो आधीच्यापेक्षा बरा व्हायचा, हे मलाही कबूल करावं लागायचं. हॉटेलवाल्यांशी, गाडीवाल्यांशी कसं बोलायचं, कुणाला कधी 'नाही' म्हणायचं, हे सगळं मी त्या थर्मासच्या शेजारी बसून शिकले. 'आम्हाला कसंही चालेल' म्हणणाऱ्या माणसाला काहीच चालत नाही, हेही तिथेच कळलं.

नवव्या महिन्यात एक मुख्याध्यापिका आल्या. घरची नऊ माणसं, तीन दिवस, समुद्रकाठ. त्यांच्या आईला एक्क्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या आणि आता त्यांना एकदा समुद्र बघायचा होता. बाई जाता जाता म्हणाल्या, "हे नीट झालं तर शाळेच्या सहलीचं बोलू. चाळीसजण आहोत आम्ही." माझ्या डोक्यात ते चाळीसजण लगेच रांगेत उभे राहिले. एवढं एक काम मिळालं असतं तर दुकान तरलं असतं.

मी जीव ओतून आखणी केली. पुढच्या मंगळवारी काकू म्हातारीबाई होऊन बसल्या. गाडी, हमाल, सकाळची खोली, औषधाच्या वेळा, सगळ्यातून मी त्यांना सुखरूप नेलं. शेवटी हॉटेल आलं.

"तिसऱ्या मजल्यावर खोल्या, खिडकीतून समुद्र," मी ऐटीत म्हटलं. "आणि लिफ्ट आहे."

"लिफ्ट सुरू कुठून होते?"

"कुठून म्हणजे? लिफ्ट खालूनच सुरू होणार ना!"

"विचारलंस?"

"विचारलं."

मी विचारलं नव्हतं. मला त्या प्रश्नांचा वीट आला होता आणि एकदा तरी 'छान' ऐकायचं होतं. काकूंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, "बरं" म्हणाल्या आणि थर्मासचं झाकण लावून गेल्या.

ते 'बरं' माझ्या डोक्यातून जाईना. बुधवार मी कसाबसा ढकलला. गुरुवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या हॉटेलला फोन लावला. तिथला माणूस मोठा उत्साही होता.

"लिफ्ट आहे की! एकदम नवीन. पहिल्या मजल्यापासून थेट गच्चीपर्यंत."

"आणि पहिल्या मजल्यावर कसं जायचं?"

"जिन्यानं."

मी मोजायला लावल्या. एकोणीस निघाल्या. माणसं सोमवारी निघणार होती.

माझी पाचावर धारण बसली. खोटं कशाला बोलू, गप्प बसायचा विचारही मनात येऊन गेला. दोन धडधाकट मुलगे बरोबर होते, आईला खुर्चीत बसवून नेतील उचलून. मग ते चित्र डोळ्यांसमोर आलं. दोन वर्षांनी हौसेनं बाहेर पडलेली बाई, आणि चार अनोळखी लोकांदेखत तिला सामानासारखं वर चढवताहेत. मला माझीच शरम वाटली. दुकान तसंच उघडं टाकून मी रस्ता ओलांडला.

"काकू, मी खोटं बोलले. विचारलं नव्हतं मी."

काकू पेन्सिलीला टोक करत होत्या. "हं. किती निघाल्या?"

"एकोणीस. तुम्ही बोलाल का मुख्याध्यापिकांशी? तुमचं ऐकतील त्या."

"मी का बोलू? गिऱ्हाईक तुझं, चूक तुझी, फोनही तुझाच." मग टोक तपासून म्हणाल्या, "पण आधी दुसरी जागा शोध. नुसती चूक घेऊन कुणाच्या दारात जायचं नाही. तोडगाही बरोबर न्यायचा." आणि ती जाड वही त्यांनी माझ्याकडे सरकवली.

त्या गावाच्या पानावर सात ठिकाणं होती. सहा ठिकाणी जिने. सातवं एक बैठं विश्रामगृह होतं, समुद्रापासून एक गल्ली मागे, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं: पायऱ्या शून्य. सुट्टीच्या दिवसांत तिथे जागा मिळणं कठीण होतं, तरी मी फोन लावला. चार खोल्या लागतील म्हटल्यावर त्या माणसानं कोण बोलतंय विचारलं, मी दुकानाचं नाव सांगितलं, तो थोडा थांबला आणि म्हणाला, "हो, आहेत." मी फोनचा मुका घ्यायचाच काय तो बाकी राहिला. काकू बाहेर रस्त्याकडे बघत होत्या.

मग मुख्याध्यापिकांना फोन केला. सगळं सांगितलं. आधीच्या हॉटेलात जे काही बुडेल ते माझ्या अंगावर, हेही सांगितलं.

"म्हणजे लिफ्टचं तुम्ही नीट न विचारताच मला सांगितलंत?"

"हो बाई."

"नव्या खोलीतून समुद्र दिसतो?"

"नाही दिसत. पण दारापासून वाळूपर्यंत सपाट रस्ता आहे. चारशे पावलं. मध्ये दोन बाक आहेत बसायला."

 तेवढ्यात त्यांच्या मागून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. "बाक आहेत ना? मग झालं तर!"

ते लोक जाऊन आले. दुसऱ्या दिवशी आई स्वतः काठी टेकत दुकानात आल्या, बसल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "तिन्ही दिवस माझी मी गेले हो पाण्यापर्यंत. कुणाचा हात धरला नाही." बोलता बोलता त्यांचे डोळे भरले आणि माझेही भरले. शेजारचा चष्मेवाला काचेतून बघत होता, बघू दे.

शाळेची सहल मात्र मला मिळाली नाही. मुख्याध्यापिकांनी तोंडावर सांगितलं, "तुम्ही खरं बोललात ते आवडलं, पण चाळीस माणसं इतक्यात नाही सोपवणार." मला लागलं. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. पण त्यांच्या आईंच्या ऑपरेशनआधीच्या, संध्याकाळच्या फिरायच्या मैत्रिणी होत्या, सगळ्या पंचाहत्तरीच्या पुढच्या, आणि त्या एकेक करत यायला लागल्या. कुणाला बहिणीकडे जायचं होतं, कुणाला नुसतंच कुठेतरी. त्यांनी आणखी चारचौघींना सांगितलं. म्हाताऱ्या माणसांचं काम किचकट म्हणून कुणी मनापासून घेत नाही. मला ते जमत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायलाही लागलं होतं. अकराव्या महिन्यात मी भावाला सांगून टाकलं की साहेबांना आता दुसरं कुणीतरी बघायला सांग.

त्यानंतर एकदा त्या मैत्रिणींसाठीच मी विश्रामगृहाला फोन केला. तो माणूस म्हणाला, "मागच्यासारख्या समोरच्या बाईंच्या नावावर धरून ठेवू का?"

"कुठल्या बाई?"

"तुमच्या समोरच्या हो. मागे त्यांनीच नाही का मंगळवारी संध्याकाळी चार खोल्या धरायला लावल्या? समोरची मुलगी फोन करेल, तिला द्या म्हणाल्या."

मी फोन ठेवला आणि तरातरा पलीकडे गेले. रागावले होते की काय, मलाच कळत नव्हतं.

"तुम्हाला मंगळवारीच ठाऊक होतं?"

"तू खरं बोलतेस तेव्हा ओरडतेस," काकू म्हणाल्या. "'विचारलं' मात्र हळू म्हणालीस. घरी जायच्या आधी हॉटेलला फोन केला मी."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"रविवारपर्यंत सांगणार नव्हते."

"आणि मी आलेच नसते तर?"

"तर मुख्याध्यापिकेला मीच कळवलं असतं. म्हातारीला जिन्याशी थोडीच सोडणार होते? खोल्या माझ्याकडे होत्याच. गिऱ्हाईक माझं झालं असतं."

हे त्या अगदी सरळ बोलल्या, हसल्यासुद्धा नाहीत.  मग त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या, उगाचच, तो स्वच्छ होता.

"दोन दिवस जेवण गेलं नाही मला," त्या म्हणाल्या. "सारखी तुझ्या दाराकडे बघत होते. इतकी वर्षं धंदा केला, पण हे गिऱ्हाईक आपल्याकडे येऊ नये असं पहिल्यांदाच वाटलं बघ."