वळचणीखाली तिघं

माजी सैनिकाला कार्यक्रमाला बोलावलं की लोकांना गोळीबार ऐकायचा असतो. मी पेडगावचा. एकवीस वर्षं पलटणीत काढली, हवालदार म्हणून निवृत्त झालो. गोळीबार मीही पाहिला, पण त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. मी सांगतो ते एका कादंबरीबद्दल. पुढच्या रांगेतली मंडळी जरा हिरमुसतात. हिरमुसू द्या.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आमची पोस्टिंग उत्तरेतल्या एका बर्फाळ चौकीवर झाली. आम्ही अकरा जवान आणि वर सुभेदार साहेब. खाली दुसरी चौकी होती. उतरायला अडीच तास, चढायला पाच. मी लान्स नाईक होतो आणि रेडिओ सेट माझ्याकडे होता. सकाळी सहाला पहिला रिपोर्ट, मग दर दोन तासांनी एक. मधल्या वेळात बर्फ वितळवून पाणी करायचं, सेटच्या बॅटऱ्या छातीशी धरून गरम ठेवायच्या आणि संध्याकाळी साडेपाचला फॉलइन. तिथे सुभेदार साहेब एकेकाचं नाव घेत आणि ज्याने त्याने "हाजिर साहेब" म्हणायचं.

नाईक ज्ञानोबा पोखर्णीचा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, पण एकाच जिल्ह्यातले म्हणून अरे-तुरे. त्याची बहीण सुनंदा परभणीला कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. करत होती. तिची परीक्षा झाल्यावर अभ्यासाला असलेली जाडजूड कादंबरी त्याने किटबॅगेत टाकून आणली. इतर जण सुका मेवा आणतात.

मी दहावीला मराठीत नापास झालेला माणूस. गणितात पास, इंग्रजीत काठावर पास आणि मराठीत नापास. माझे वडील सालगडी होते, पण दर रविवारी आमच्या विहारात लोकांना पुस्तक वाचून दाखवायचे. त्यांच्या पोटी मी असा निपजलो. मी भरतीला निघालो तेव्हा ते म्हणाले, "गोळी कुनीबी मारतंय. चारचौघात वाचायला छाती लागती." ते वाक्य मला फार लागलं होतं आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

ज्ञानोबा मोठ्याने वाचायचा. कादंबरी कोकणातली. पहिल्याच पानावर चार शब्द अडले. आमच्याकडे घरं माळवदाची, वर सपाट माती. उतरतं छप्पर नाही, त्यामुळे छपराच्या अवतीभोवतीचे शब्दही नाहीत. चौकीवर शब्दकोश कुठून असणार? ज्ञानोबाने नियम घालून दिला. शब्द अडला की ते वाक्य दोनदा वाचायचं, मग मागचं आणि पुढचं वाक्य, आणि मग अंदाज बांधायचा. अंदाज पेन्सिलीने समासात लिहायचा. खरा अर्थ सुनंदाच्या पत्रातून येईल. ज्याचा अंदाज चुकेल त्याने दोन डबे बर्फ जास्तीचा वितळवायचा.

"पावसात ती वळचणीला उभी राहिली," ज्ञानोबाने वाचलं. "सांग गौतम. वळचण म्हंजी?"

"झाड आसंल एखादं."

"आरं, झाड आसतं तर पान, फूल, कायतरी लिव्हलं आसतं की. म्होरं बघ. तिच्या पाठीला भित लागायलीय."

"मग ओसरी."

"ओसरीत आली आसती तर घरातल्यांनी बस म्हनलं नसतं का? ती भाईरच हाय. पन भिजत न्हाई."

त्याने समासात लिहिलं, 'छपराची कड. खाली माणूस मावतो.' पंधरा दिवसांनी हमालांबरोबर सुनंदाचं पत्र आलं. ज्ञानोबाचा अंदाज बरोबर होता. माझे नऊपैकी आठ चुकले होते. "आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येनार," असं म्हणत त्याने डबे माझ्यापुढे सरकवले. बर्फ वितळवून वितळवून माझी मराठी सुधारली, असं मी आजही सांगतो, आणि त्यात खोटं काही नाही.

डिसेंबरपर्यंत सगळी चौकी ऐकायला बसू लागली. सुभेदार साहेब कडक माणूस, पण तेही आमच्याकडे पाठ फिरवून बसत आणि ऐकत. एकदा ज्ञानोबाने वाचन मध्येच थांबवलं तर पाठीमागून आवाज आला, "पुढं काय झालं ते सांग आणि मग चहा पी." नंतर त्यांनीच प्रथा पाडली. फॉलइनला "हाजिर साहेब" म्हटल्यावर ज्याने त्याने त्या दिवशी शिकलेला शब्द सांगायचा. मी पहिल्या दिवशी 'पागोळी' म्हणालो. छपराच्या कडेवरून पावसाच्या पाण्याची जी धार लागते ती पागोळी.

आता चुकीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

दोन चौक्यांमधल्या वाटेवर आठ वळणं होती. त्यांना नंबर होते. आम्ही नंबर वरून मोजायचो, खालचे खालून. हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण जो तो आपल्याच चौकीला पहिली धरणार. एक दिवस सेटवर ठरलं की रॉकेलचे कॅन पॉइंट तीनवर द्यायचे. आमची तुकडी आमच्या तीनवर उभी, त्यांची त्यांच्या तीनवर. मध्ये दोन वळणं. उणे वीसमध्ये दोन्ही तुकड्या दीड तास उभ्या राहिल्या आणि सेटवर मी दोघांनाही सांगत होतो, "समोरची पार्टी पोचली आहे." एका जवानाच्या पायाची दोन बोटं गेली.

त्या संध्याकाळी ज्ञानोबा म्हणाला, "साहेब, नंबर मोडून टाका. नाव दिलं तर वरून बी तेच आन् खालून बी तेच."

नावं कादंबरीतून आली. जिथे कड्यावरून बर्फाचे सुळे लोंबत ती पागोळी. जिथे भेगेवर शिडी टाकलेली होती तो साकव, म्हणजे कोकणातला ओढ्यावरचा लाकडी पूल. जिथे दुपारी तासभर तिरकं ऊन यायचं ती तिरीप. आणि जिथे मोठा खडक वाटेवर पुढे आलेला होता, खाली तीन-चार माणसं मावतील असा, ती वळचण. आठही नावं खडूने दारूगोळ्याच्या पेटीच्या झाकणावर लिहिली. खालच्या चौकीलाही यादी गेली. तिथला हवालदार सेटवर हसला, "तुमच्या कादंबरीत आमालाबी घेतलं म्हना."

कंपनी कमांडर मेजर साहेब केरळचे. पाहणीला आले तेव्हा त्यांनी झाकण बघितलं.

"ये वळचण क्या है?"

ज्ञानोबा सावधानमध्ये उभा राहिला. "साहब, छप्पर का किनारा. बारिश में कोई भी उसके नीचे खड़ा हो सकता है. घर किसी का भी हो."

मेजर साहेबांनी तो शब्द दोनदा उच्चारून बघितला. ळ त्यांच्या तोंडात आमच्यापेक्षा सहज बसला. "ठीक है," ते म्हणाले, "दोनों पोस्ट पर यही चलेगा."

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस सलग बर्फ पडला. पाचव्या दिवशी उघडलं. औषधं आणि बॅटऱ्या आणायला चौघांची तुकडी निघाली. कमांडर ज्ञानोबा. वेळ सहा चाळीस. निघताना त्याने पुस्तक माझ्या सेटजवळ ठेवलं. साठेक पानं उरली होती.

"म्होरं वाचू नको," तो म्हणाला. "मी आल्यावर."

सात पंधरा, "पागोळी पार." आठ बारा, "साकव पार." मी लॉगबुकात लिहिलं.

आठ सव्वीसला आवाज आला. हिमस्खलनाचा आवाज आधी कानाला नाही, पायाला कळतो. मी सेटवर ओरडलो. पाच मिनिटं काहीच नाही. आठ एकतीसला ज्ञानोबाचा आवाज आला, दमलेला पण स्पष्ट.

"वळचणीखाली तिघं. जित्ते हायत. खडकाचं तोंड बर्फानं बंद झालंय. ओव्हर."

"तू कुठं? ओव्हर."

"खालच्या चौकीला सांग. वळचण."

"ज्ञानोबा, तुझी जागा सांग. ओव्हर."

"साकव आन् वळचणीच्या मधी. छातीपस्तोर बर्फात हाय. माजं ऱ्हाऊ दे, आधी त्यांना सांग."

मी खाली कळवलं, "वळचणीखाली तीन जवान, जिवंत. तोंड बंद. एक जवान साकव आणि वळचणीच्या मध्ये." तिकडून हवालदाराचा आवाज आला, "वळचण. साकव-वळचण मधे. रॉजर. निघालो." एवढंच. वरून की खालून, कितवं, कोणतं, एकही प्रश्न नाही. महिनाभरापूर्वी असतं तर आम्ही आकडे मोजत बसलो असतो.

आठ चौतीसला पायाला पुन्हा तोच हादरा कळला. दुसरा लोट. मी ज्ञानोबाला हाक मारत राहिलो. त्यानंतर त्याचा सेट बोलला नाही.

मी बूट बांधायला लागलो. सुभेदार साहेब पाच जणांना घेऊन निघाले होते. दारात वळून म्हणाले, "गौतम, सेट सोडायचा नाही."

"साहेब, तो माझ्या गावाकडचा आहे."

"म्हणूनच सांगतोय. सेट सोडायचा नाही."

मला जायचं होतं. आजही वाटतं की जायला हवं होतं. पण दोन्ही पार्ट्या माझ्या आवाजावर चालल्या होत्या आणि सुभेदार साहेबांचं बरोबर होतं. एका हाताने माइक धरला, दुसरा त्या पुस्तकावर ठेवला. पान उलटलं नाही.

नऊ चाळीसला सुभेदार साहेब साकवावर पोचले. दहा पाचला त्यांचा आवाज आला, "ज्ञानोबा मिळाला." श्वास चालत नव्हता. मी लॉगबुकात वेळ लिहिली. दहा पंचवीसला खालची पार्टी वळचणीशी लागली. अकरा दहाला त्यांनी कळवलं, "तिघं बाहेर. तिघंही जिवंत." एकाचा हात मोडला होता, बाकी धड.

काय घडलं ते त्या तिघांपैकी सर्वांत धाकट्या शिपायाने नंतर सांगितलं. पहिला आवाज होताच ज्ञानोबा ओरडला, "वळचण!" दोघे पळत आत गेले. तिसरा, म्हणजे हाच, मागे साकवाच्या बाजूला गुडघ्यापर्यंत रुतला होता. ज्ञानोबा मागे फिरला, त्याला ओढून काढलं आणि खडकाकडे ढकललं. तो पोचला. ज्ञानोबा आठ-दहा पावलं मागे राहिला.

संध्याकाळी साडेपाचला फॉलइन झालं. सुभेदार साहेबांनी सगळी नावं घेतली, ज्ञानोबाचंही. त्या दिवशी शब्द सांगितला गेला नाही.

मार्चमध्ये सुट्टी मिळाली तेव्हा मी पुस्तक घेऊन पोखर्णीला गेलो. समासात पानोपान ज्ञानोबाची पेन्सिल होती. माझे चुकलेले अंदाजही त्याने खोडले नव्हते, बाजूला नुसतं 'गौत्या' लिहिलं होतं. सुनंदाने एकेक पान उलटलं. जिथे पेन्सिल संपत होती तिथे ती थांबली.

"दादा, म्होरचं तुमी वाचलंत का?"

"नाही. त्याने वाचू नको म्हणून सांगितलं होतं."

"मग आता वाचा. इथंच. मोठ्यानं."

अंगणात भावकी जमलेली, नृसिंहाच्या देवळाकडून येणारी-जाणारी माणसंही थांबलेली. दहावीत नापास झालेल्या मी चारचौघांत नाही, चाळीसजणांत वाचलं. साठ पानांना दोन दिवस लागले. अडलेल्या शब्दाशी थांबलो, वाक्य दोनदा वाचलं, मागचं-पुढचं वाचलं आणि समासात अंदाज लिहिला. सुनंदाने सगळे तपासले. अकरापैकी नऊ बरोबर होते. तिसऱ्या दिवशी पेडगावला जाऊन मी वडिलांना सांगितलं. पुढच्या रविवारी विहारात त्यांनी आपलं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि स्वतः खाली, लोकांत जाऊन बसले. मला पुढे पदकंही मिळाली. त्या रविवाराइतकी छाती मात्र कधी फुगली नाही.

सुनंदा आता झरीला शिक्षिका आहे. ती कादंबरी तिच्या कपाटात असते. दर जानेवारीला त्या दिवशी आम्ही पोखर्णीला जमतो. ते तिघेही येतात. एक सोलापूरहून, एक साताऱ्याहून, आणि तो धाकटा आता स्वतः सुभेदार झाला आहे. कादंबरीतलं एक पान मी वाचतो. मग फॉलइन होतं. मी नाव घेतो, जो तो "हाजिर" म्हणतो आणि वर्षभरात वाचनातून मिळालेला एक शब्द सांगतो.

ज्ञानोबाचं नाव मी शेवटी घेतो. पहिली दोन-तीन वर्षं त्यावर कोणी बोलत नसे. मग एका वर्षी मी "नाईक ज्ञानोबा" म्हटलं आणि त्याची आई उभी राहिली. कधी शाळेची पायरी न चढलेली बाई. तिने आधी त्या तिघांकडे बघितलं, एकेकाकडे, आणि मग माझ्याकडे.

"हाजिर हाय," ती म्हणाली. "वळचण."