अडवणारं कोणीच नाही

मंडळी, सकाळपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

शांती नगरच्या आमच्या वाचन गटात आज एक जुनी कथा वाचली. तिच्यातल्या नोकराला मालक स्वतः 'जा' म्हणतो, तरी तो जात नाही. गट चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, "याचा संघर्ष नक्की कोणाशी? बाहेर तर कोणी शत्रूच नाही."

"आळशी असेल मेला!" शेजारच्या काकू म्हणाल्या. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

आठवीत शाळा सुटल्यापासून मी मामाच्या शर्टांच्या दुकानात आहे. आता भाईंदरच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम मिळतंय. उद्या सकाळी होकार कळवायचाय. गटातून थेट दुकानात गेलो आणि मामाला सांगितलं. तो भांडेल म्हणून उत्तरंही तयार ठेवली होती.

मामा म्हणाला, "मग जा की! मी कुठे अडवतोय?" लगेच त्याने दोन नवे शर्ट काढून माझ्या खांद्याला लावून बघितले. "तिकडे नीट दिसला पाहिजेस. इकडचं मी बघतो."

मग गिऱ्हाईकासाठी वरचा गठ्ठा काढायला तो स्टुलावर चढला. त्याचे गुडघे थरथरत होते. मी त्याला हात धरून उतरवलं, गठ्ठा काढून दिला आणि म्हणालो, "राहू दे मामा, नंतर बघू."

छापखान्याला अजून काहीच कळवलेलं नाही. मामा भांडला असता तर मी गेलो असतो. असं प्रेमाने 'जा' म्हणणाऱ्याला तुमच्यापैकी कोणी सोडून गेलंय का? कसं जमलं?